सरांच्या वह्या, बरण्या आणि अंजिराची अकरा झाडे: एका स्मृतिकार्याचा प्रकरण अभ्यास

पुण्याहून दिवे घाट चढून गेले की पुरंदरचे पठार लागते. तिथल्या एका गावातल्या माध्यमिक शाळेत ३३ वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षकांचे जानेवारीच्या अखेरीस निधन झाले. त्यांच्या मागे काय जपायचे आणि ते कोणत्या क्रमाने, याचा निर्णय पुढच्या वर्षभरात कसा होत गेला, त्याची ही मांडणी आहे. गाव, शाळा आणि माणसांची नावे दिलेली नाहीत; ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. लेखात त्यांना सर आणि त्यांच्या पत्नीला काकू म्हटले आहे. गावातही हीच हाक आहे.

पार्श्वभूमी

सरांकडे वडिलोपार्जित जमिनीतला सव्वा एकराचा तुकडा होता. घर पगारावर चालायचे, शेती हौसेची होती. पण ती वहीत मांडून केलेली होती. विहिरीकडच्या बाजूला अंजीर, बांधावर सीताफळ आणि उरलेल्या जागेत बाजरी, मटकी, हुलगे, वाल, घेवडा. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. सर त्याच्या कितीतरी आधीपासून प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन तांबेरा (पानांवरचा बुरशीचा रोग) कधी आला, पानगळ किती झाली, हे लिहीत होते.

शाळेतही हीच रीत होती. पोस्टकार्डाला भोक पाडून त्यात पाण्याचा थेंब धरायचा आणि त्या भिंगातून कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी दाखवायच्या. फ्युज झालेल्या बल्बमध्ये पाणी भरून मोठे भिंग करायचे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळेला सुट्टी असली तरी, मुलांना बोलावून भर दुपारी काठीची सावली नाहीशी होताना दाखवायची. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम ही शिक्षणसंस्था सुरू केली ती हाताने काम करत शिकण्याच्या विचारातून. सरांची घडण त्याच जातीची होती. फरक एवढाच की त्यांच्यामागे संस्था नव्हती. होते ते सगळे घरात, गोठ्यात आणि शाळेच्या एका कपाटात.

निधनानंतर पुढील गोष्टी हाती आल्या: पाऊस आणि शेतीच्या नोंदींच्या ३१ वह्या (पहिली नोंद जून १९९१ ची), बियाण्याच्या २३ काचेच्या बरण्या, घरी केलेली सुमारे ४० उपकरणे, अंजिराची ११ जिवंत झाडे आणि काही जुनी रसायने.

अडचण

माजी विद्यार्थ्यांनी आठवडाभरात निधी जमवायला सुरुवात केली. वर्षश्राद्धाला काहीतरी उभे राहावे, ही सगळ्यांची मनापासूनची इच्छा होती. त्याच वेळी घरात वाटणीची बोलणी चालू होती. विहिरीकडची बाजू, म्हणजे अंजीर, सरांच्या धाकट्या भावाकडे जाणार होती आणि दिवाळीनंतर झाडे काढून तिथे कांदा करायचे त्यांनी ठरवले होते. त्यात गैर काही नव्हते. झाडे जुनी झाली होती आणि त्यांना उत्पन्न हवे होते.

म्हणजे दोन वेगवेगळी घड्याळे चालू होती. निधी गोळा करणाऱ्यांची मुदत वर्षश्राद्धाची. पण बियाण्याची मुदत येत्या खरिपाची, झाडांची दिवाळीची, आणि ज्यांना सगळे ठाऊक होते त्या ऐंशीच्या घरातल्या माणसांची मुदत कोणालाच सांगता येण्यासारखी नव्हती.

समोरचे पर्याय

पहिल्या बैठकीत चार पर्याय आले. शाळेच्या आवारात अर्धपुतळा, प्रवेशद्वाराची कमान, आठवणींची स्मरणिका, आणि दहावीत विज्ञानात पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला पारितोषिक.

पुतळ्याला परवानग्या लागतात आणि पुढची देखभाल कोण करणार हे आधी ठरवावे लागते. कमानीसाठी संस्थेचा ठराव हवा. पारितोषिकाचा हिशेब सरळ होता: ३ लाखांची ठेव, ७ टक्के व्याज, वर्षाला २१ हजार. मात्र त्यासाठी नवा न्यास काढला तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, दरवर्षीचा लेखापरीक्षण अहवाल, विश्वस्तांचे बदल, हे सगळे मागे लागते. एवढ्या रकमेसाठी ते करू नये. शाळा चालवणाऱ्या नोंदणीकृत संस्थेतच राखीव निधी ठेवावा आणि त्याचा विनियोग ठरावात शब्दशः लिहून घ्यावा, असे सुचवले गेले आणि ते मान्य झाले.

या चारही पर्यायांत एक समान गोष्ट होती, आणि ती एका माजी विद्यार्थिनीने बैठकीत बोलून दाखवली. हे चारही वर्षभराने केले तरी चालतील, दहा वर्षांनी केले तरी चालतील. वह्या, बरण्या आणि झाडे मात्र थांबणार नाहीत. तिथून कामाचा क्रम उलटला. जे सगळ्यात आधी खराब होणार ते सगळ्यात आधी हाती घ्यायचे: माणसे आणि बियाणे, मग झाडे, मग कागद, आणि दगड-विटांचे काही करायचेच असेल तर शेवटी. या प्रकरणातला हा सर्वांत मोठा निर्णय होता आणि तो फेब्रुवारीतच झाला, हे सुदैव.

बियाणे

बरण्यांत राख मिसळून बी ठेवलेले होते. गावोगाव चालत आलेली ही पद्धत भुंग्यापासून चांगला बचाव करते. पण चिठ्ठ्या खळीने चिकटवलेल्या होत्या आणि खळ कसरीने खाल्ली होती. २३ पैकी १४ चिठ्ठ्याच वाचता आल्या.

उगवण तपासायची रीत साधी आहे. ओल्या गोणपाटावर किंवा कागदाच्या सुरळीत मोजून बी मांडायचे, सावलीत ठेवायचे, ओल टिकवायची आणि सात-आठ दिवसांनी कोंब मोजायचे. प्रमाणित चाचणीला ४०० बिया लागतात. इथे काही बरण्यांत मुळात १०० बियाही नव्हत्या. तेव्हा नियम असा केला की बी मुबलक असेल तर २० बिया तपासायच्या. ५० पेक्षा कमी असेल तर चाचणी न करता सगळे सरळ पिशव्यांत पेरायचे. चाचणीत घातलेले बी बहुधा वाया जाते. बी मोजकेच असताना उगवणीची टक्केवारी कळून उपयोग काय?

मटकीच्या २० पैकी १७ बिया उगवल्या, हुलग्याच्या १६, वालाच्या ११. कांदा आणि जवस एकही उगवले नाही. कांद्याच्या बियाची ताकद साध्या साठवणीत वर्षभरातच झपाट्याने उतरते, त्यामुळे ते अपेक्षितच होते. तरी तो सरांनी स्वतः निवडत आणलेला वाण होता आणि तो गेला.

बाजरीचे वेगळे. तिचे परागीभवन वाऱ्याने होते आणि शेजारच्या रानांत सगळीकडे संकरित बाजरी. त्याच वेळी पेरली असती तर पहिल्याच वर्षी सरमिसळ झाली असती. म्हणून आजूबाजूच्या पेरणीनंतर तीन आठवड्यांनी पेरली. त्यामुळे फुलोरा एका वेळी आला नाही. उशिराच्या पेरणीने कणसे लहान भरली, पण बी शुद्ध मिळाले.

अंजीर

झाडांच्या वहीत ‘९ नंबर’ या झाडाबद्दल पुन्हा पुन्हा लिहिले आहे: ओलसर वर्षांतही तांबेरा उशिरा, पाने जास्त दिवस टिकतात. हे झाड जपले पाहिजे याबद्दल दुमत नव्हते. पण नकाशात १४ झाडे आणि जमिनीवर ११. क्रमांकांचे पत्रे कधीच गळून पडलेले. मोजणी विहिरीपासून की बांधापासून, यावर दोन मते निघाली आणि प्रत्येक मताने ९ नंबर वेगळा ठरत होता.

इथे ओळख पटवण्यात वेळ घालवायचा, की सगळ्याच झाडांची कलमे करायची? दुसरा पर्याय निवडला आणि तो बरोबर होता. जूनअखेर प्रत्येक झाडावर तीन, अशा ३३ गुट्या (फांदी झाडावर असतानाच तिला मुळ्या फोडायची कलमे) बांधल्या. पेन्सिलीच्या जाडीची, वर्षभराची फांदी निवडायची. दोन ते अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची. आतला बुळबुळीत थर चाकूच्या पाठीने खरवडायचा (तो राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळ्या फुटत नाहीत). ओले शेवाळ बांधून वर प्लॅस्टिकची पट्टी दोन्ही टोकांना घट्ट आवळायची. साधारण पाच-सहा आठवड्यांनी प्लॅस्टिकमधून पांढऱ्या मुळ्या दिसू लागल्या. ३३ पैकी २४ लागल्या. ज्या गेल्या त्यांतल्या बहुतेकांत वरचे टोक सैल राहून पावसाचे पाणी आत शिरले होते आणि शेवाळ कुजले होते.

प्रत्येक गुटीवर दोन खुणा ठेवल्या, विहिरीकडून धरलेला क्रमांक आणि बांधाकडून धरलेला क्रमांक. खरा ९ नंबर कोणता, ते आता दोन-तीन पावसाळ्यांत झाडे स्वतःच दाखवतील.

वह्या

सर्वांत जास्त चुका इथे झाल्या आणि सर्वांत जास्त हातीही इथेच लागले.

पहिली चूक प्रेमापोटी झाली. एका विद्यार्थ्याने शेताच्या नकाशांची सहा पाने सासवडला नेऊन लॅमिनेट करून आणली. लॅमिनेशन उष्णतेने चिकटवतात, ते काढता येत नाही, आणि कागद आतल्या आत पिवळा पडत राहतो. जुन्या कागदाला लॅमिनेशन नको, सेलोटेप नको आणि उन्हात वाळवणे नको; शाई उडते. गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, मऊ ब्रशने धूळ झाडावी, कसर दिसली तर वही प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवावी आणि बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडू नये, नाहीतर गार कागदावर दव धरते. बाकीच्या वह्यांना हेच केले. प्रत्येक पानावर पेन्सिलीने क्रमांक घातले, मग खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, वरून सरळ फोटो काढले. एका बैठकीत एकच वही. फोटोंची नावे वही-पान अशा क्रमाने, आणि तीन प्रती तीन घरांत.

दुसरी चूक आकड्यांची. सरांचा पर्जन्यमापक घरगुती होता: नरसाळे, खाली दोन लिटरची बाटली आणि मोजायला शाळेचे मोजपात्र. वहीत पाऊस मिलिलिटरमध्ये आहे. मिलिमीटर काढायचे तर नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ हवे. २० सेंटिमीटर व्यासाच्या नरसाळ्याचे क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटर पावसाला ३१.४ मिलिलिटर पाणी. स्वयंसेवकांनी सगळे आकडे ३१.४ ने भागले आणि तक्ता तयार केला.

तक्त्यात १९९१ ते १९९८ ही सगळी वर्षे २००३ आणि २०१२ च्या दुष्काळापेक्षाही कोरडी दिसू लागली. गावातल्या वयस्कर शेतकऱ्यांनी ते ऐकताच मान हलवली. त्यांचा नकार संगणकावरच्या तक्त्यापेक्षा खरा मानून शोध घेतला, हे महत्त्वाचे. गोठ्याच्या माळ्यावर १५ सेंटिमीटर व्यासाचे जुने नरसाळे सापडले. त्याचे क्षेत्रफळ १७७ चौरस सेंटिमीटर, म्हणजे १ मिलिमीटरला १७.७ मिलिलिटर. ३५४ मिलिलिटरची नोंद म्हणजे २० मिलिमीटर पाऊस; ती ११ मिलिमीटर धरली गेली होती. नरसाळे कधी बदलले? १९९८ च्या वहीच्या मागच्या पानावर खर्चात ‘नवे नरसाळे, मोठे’ अशी ओळ निघाली. घरगुती उपकरणांच्या नोंदी हाती आल्या तर आकड्यांना हात लावण्याआधी ते उपकरण शोधावे आणि पट्टी लावून मोजावे.

एका नोंदीपाशी मात्र सगळेच थांबले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कऱ्हा नदीला पूर आला, पुण्यात आंबिल ओढ्याने हाहाकार केला, त्या रात्रीची. दोन लिटरच्या बाटलीत जेमतेम ६४ मिलिमीटर पाऊस मावतो. २६ तारखेपुढे लिहिले आहे: ‘२००० पेक्षा जास्त. बाटली भरून वाहिली. किती ते माहीत नाही.’ अंदाजाचा आकडा सरांनी टाकलेला नाही. मुलांना विज्ञान म्हणजे काय हे सांगायला ही एक ओळ पुरेशी आहे. शाळेत ते पान मोठे करून लावले आहे.

नोंदी कोण घेत होते

भारतात पावसाचे दैनंदिन मोजमाप सकाळी साडेआठला होते. पुण्याच्या शिवाजीनगरला, जुनी माणसे ज्याला शिमला ऑफिस म्हणतात त्या वेधशाळेतही तेच. सरांच्या वहीतही प्रत्येक नोंद ८.३० ची आहे.

वह्या वर्षवार लावताना खाडे कुठे आहेत ते पाहिले गेले. अंदाज असा होता की निवडणुकीची ड्युटी, जनगणना, बोर्डाचे पेपर, प्रशिक्षण अशा दिवसांत नोंद नसणार. प्रत्यक्षात त्या दिवसांच्या नोंदी पूर्ण होत्या, फक्त तीन-चार दिवसांच्या ओळी एकाच शाईत, एका दमात लिहिलेल्या. आणि एका पावसाळ्यात सलग ३८ दिवस काहीच नाही, तेव्हा सर गावातच होते. ते ३८ दिवस थोरल्या मुलीच्या दुसऱ्या बाळंतपणाचे निघाले. काकू चिंचवडला गेल्या होत्या.

तोवर दोन महिने झाले होते आणि काकूंना वह्यांबद्दल कोणी विचारलेच नव्हते. समितीत सगळे माजी विद्यार्थी, बहुतेक पुरुष. काकू चहा देऊन आत जात. विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितले, “सरांचे दहावीचे जादा तास आठला. मग साडेआठला मोजायचं कोणी?” त्या मोजून स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर खडूने आकडा लिहीत. संध्याकाळी सर तो वहीत उतरवत आणि चौकट पुसत. वहीतल्या खुणाही त्यांना पाठ होत्या. ‘तां’ म्हणजे तांबेरा, हे कळले होते, पण ‘पा. सो.’ म्हणजे पाणी सोडले नसून पाणी सोसले, म्हणजे झाडाला ताण दिला, हे त्यांच्याकडून कळले. या एका खुणेचा अर्थ चुकला असता तर बहाराच्या (ताण देऊन धरलेल्या फळहंगामाच्या) सगळ्या नोंदी उलट्या वाचल्या गेल्या असत्या.

यानंतर कामाचे शीर्षक बदलले. नोंदी आता दोघांच्या नावाने आहेत.

आठवणी गोळा करताना

सभागृहात माईक दिला की प्रत्येक जण ‘सर फार शिस्तीचे होते’ म्हणतो. ते खरे असते, पण त्यातून माणूस दिसत नाही. प्रश्न बदलल्यावर फरक पडला: कोणता प्रयोग तुम्ही स्वतःच्या हाताने केला? त्यात काय फसले? सर तेव्हा काय म्हणाले? समोर उपकरण ठेवले की बोलणारा ते हातात घेतो आणि हातच आठवण सांगू लागतात. सालाविषयी खात्री नसेल तर ‘किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर’, ‘१९९५ च्या ग्रहणाच्या वेळी तुम्ही कितवीत होता’ असे विचारावे. माणसे प्रसंग बिनचूक लावतात. एका बैठकीत पाऊण तासापेक्षा जास्त ताणू नये.

कपाटातली रसायने

दाबमापक करण्यासाठी आणलेल्या पाऱ्याची बाटली, जुने सल्फ्युरिक आम्ल आणि २०११ पासून बंदी असलेल्या एंडोसल्फानचा अर्धा डबा. पारा मोरीत किंवा कचऱ्यात टाकायचा नाही, सांडला तर झाडू लावायचा नाही. थेंब जाड कागदाने एकत्र करून झाकणाच्या बाटलीत, पाण्याखाली ठेवायचे आणि खिडक्या उघडायच्या. पारा आणि आम्ल पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने रीतसर ताब्यात घेतले. कीटकनाशकाचा डबा घातक कचऱ्याच्या वाटेने गेला. अशा घरात आवराआवरीला मुलांना पाठवण्याआधी कपाट मोठ्यांनी पाहिले पाहिजे.

नऊ पाने

एका वहीत नऊ पानांवर कोणाची फी भरली, कोणाला पुस्तके घेतली, कोणाला पुण्याला जायला पैसे दिले, याची नावनिशीवार यादी होती. श्रद्धांजली सभेत ती वाचावी, असा आग्रह झाला. सरांचा मोठेपणा दाखवायचा हेतू होता, यात शंका नाही. पण गाव लहान आहे. यादीतली माणसे आज कोणाचे आईवडील आहेत, आणि सरांनी हयातीत यातले एक नाव कधी उच्चारले नव्हते. पानांचे फोटो काढले नाहीत. ती बंद पाकिटात काकूंकडे परत दिली.

काय साधले

पुतळा झाला नाही. संस्थेत ठेव झाली आणि तिच्या व्याजातून शाळेत पर्जन्यमापक, ओला-सुका तापमापक (हवेतली आर्द्रता मोजणारा) आणि नोंदवह्यांचा खर्च चालतो. सात वाण पाच शेतकऱ्यांकडे वाढवले जात आहेत. कोणताही वाण एकाच घरी ठेवायचा नाही, प्रत्येक वाण निदान दोन घरी. २४ अंजिरांपैकी काही शाळेच्या कुंपणालगत, बाकी गावात. धाकट्या भावांनी विहिरीजवळची दोन जुनी झाडे स्वतःहून ठेवली.

वेगळे काय करता आले असते

काकूंना पहिल्या आठवड्यात विचारायला हवे होते. तेराव्याच्या आवराआवरीत ती चौकट रंगवली गेली. शेवटचे खडूचे आकडे तिच्यावर होते, आणि त्यांचा फोटो कोणाकडेही नाही.

सरांशी बियाण्याची देवाणघेवाण करणारे शेजारचे आजोबा ऑगस्टमध्ये गेले. त्यांची बैठक ‘लावणी उरकली की’ म्हणून दोनदा पुढे ढकलली होती. बिनचिठ्ठीच्या नऊ बरण्यांतले बी कुठून आले, हे एकट्या त्यांनाच माहीत होते. पेरल्यावर पीक कळले, वाणाचे गाव कळले नाही.

शाळेच्या पर्जन्यमापकाची अडचण अजून सुटलेली नाही. रविवार आणि दिवाळीची सुट्टी मिळून परतीच्या पावसाचे कितीतरी दिवस हुकतात. म्हणून घरचे नरसाळे काढलेले नाही. फक्त खाली दोनऐवजी पाच लिटरचा कॅन ठेवला आहे. दर सोमवारी शाळेतल्या दोन मुली येतात आणि नव्या रंगाच्या चौकटीवर काकूंनी खडूने लिहिलेले आकडे वहीत उतरवून घेतात.